डॉक्टरांचं अर्धं वाक्य

बारा वर्षांपूर्वी मी डॉक्टरांचं अर्धं वाक्य गिळलं आणि त्याचे फोड समोरच्या फ्लॅटमधल्या बाईच्या अंगावर आले.

हे कसं शक्य आहे, असं माझी नात मला कॅनडाहून विचारते. ती जीवशास्त्र शिकते, त्यामुळे तिला बऱ्याच गोष्टी अशक्य वाटतात. मी तिला म्हटलं, बाळ, तुझ्या आजीने केलेल्या मूर्खपणापुढे शास्त्राचं काही चालत नाही.

तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते, म्हणजे अगदीच कोवळी. (आता चौऱ्याहत्तर. अक्कल गेल्या दोन वर्षांत थोडी थोडी यायला लागली आहे.) आमचे हे जाऊन वर्ष झालं होतं. नवीन पनवेलमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन खोल्या आणि मी. दिवसभरात माझ्याशी बोलणारी माणसं दोन. जवळच्या ओवे गावातून सकाळी कामाला येणारी हिराबाय आणि समोरच्या दारातली फ्लोरा.

फ्लोरा बेने इस्रायली, म्हणजे इथलीच ज्यू. आडनाव कोकणातल्या गावावरून पडलेलं, मराठी माझ्याहून शुद्ध, आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला की शनिवारी अंधार पडेपर्यंत गॅसला हात लावायची नाही. शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेली. नवरा नाही, मुलगा तिकडे इस्रायलमध्ये, अश्दोदला. संध्याकाळी चहाला एक दिवस ती माझ्याकडे, एक दिवस मी तिच्याकडे, अशी आमची बारा पावलांची येजा होती.

आणि तिचं तिकीट निघालं. कायमचं, मुलाकडे राहायला. मला तिने चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगितलं. मी म्हटलं, "अगं, किती छान! नातवंडांत राहशील!" आणि घरी येऊन उभ्या उभ्या दोन वाट्या शेंगदाणे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी माझ्या डाव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. मी दोष शेंगदाण्यांना दिला. तिसऱ्या दिवशी त्या जागी लाल पुरळ उठलं, पाठीच्या कण्यापासून पुढे पोटाकडे पट्ट्यासारखं. हिराबायने पदर सरकवून बघितलं आणि हातातला झाडू खाली ठेवला.

"बाय, ही नागीन हाय."

"असू दे. जाईल."

"कशी जाल? ही आंगाभोवती फिरते. दोनी तोंडा मिलली का मानूस ऱ्हात नाय. आमच्या ओव्यान माजा चुलत सासरा असाच गेला."

"किती वर्षांचा होता गं?"

"नव्वदीचा असल. पन नागीन व्हती ना!"

मी डॉक्टरांकडे गेले. आमचे डॉक्टर माझ्या मुलापेक्षाही लहान. त्यांनी बघितलं, गोळ्या लिहिल्या आणि विचारलं, "काकू, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

"झाल्या होत्या. सात वर्षांची होते. पण त्या तर केव्हाच बऱ्या झाल्या!"

"फोड बरे झाले. विषाणू गेला नाही. तुमच्या शरीराने त्याला हरवलं आणि तो मणक्याजवळच्या नसांत जाऊन झोपला. आपल्या रक्तातल्या पेशी एकदा शत्रूचा चेहरा बघितला की वर्षानुवर्षं विसरत नाहीत. त्याने डोकं वर काढलं की त्या दाबतात. पंचावन्न वर्षं पहारा चालू होता."

मला त्या पेशींचं भारी कौतुक वाटलं. मी दुधाखालचा गॅस बंद केला की नाही, हे मला जिना उतरेपर्यंत आठवत नाही, आणि माझ्याच अंगात अशी हुशार मंडळी! शिवाय दुसरा विचार मनात आला, तो मी बोलूनही दाखवला.

"म्हणजे डॉक्टर, पंचावन्न वर्षं माझ्या मणक्यात कोणीतरी राहत होतं आणि मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरतेय की मी एकटी राहते?"

डॉक्टर हसले. मग म्हणाले, "वय झालं, झोप कमी झाली, मनाला काही लागलं, की पहारेकरी ढिले पडतात. घरात काही झालं का अलीकडे?"

"हे गेले. गेल्या वर्षी."

त्यांनी चिठ्ठीवर एक लोशन वाढवलं. मी उठताना त्यांनी ते वाक्य सांगितलं, ज्याच्यामुळे हे सगळं लिहावं लागतंय: "नागीण दुसऱ्याला लागत नाही, पण ज्याला कांजिण्या झालेल्याच नाहीत त्याने ओल्या फोडांना हात लावला तर त्याला कांजिण्या होऊ शकतात, तेव्हा खपल्या धरेपर्यंत जपा."

आता लोशन. पोटावर लावता येतं. बरगडीवर लावता येतं. पण पाठीवर? माणूस एकटं राहायला लागलं की स्वयंपाक कमी करतं, टीव्ही मोठा करतं, सगळं जमवतं; पण स्वतःची पाठ स्वतःच्या हाताला लागत नाही, हे देवाने कशासाठी करून ठेवलंय ते मला त्या दुपारी कळलं. मी उलथण्याला कापूस बांधला, कापसावर लोशन ओतलं, आरशाकडे पाठ केली आणि नेम धरला. पहिला फटका ब्लाउजवर, दुसरा आरशावर आणि तिसरा भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोवर. काचेवर गुलाबी ओघळ. हे तसेच हसत होते. आयुष्यभर मी काही सांडलं की असंच हसायचे, म्हणून मला रडायला आलं.

त्याच वेळी फ्लोरा साखर मागायला आली.

"हे काय चाललंय? उलथण्याने पाठ भाजतेस?"

मी सगळं सांगितलं. म्हणजे, मला वाटलं सगळंच सांगतेय.

"डॉक्टर काय म्हणाले? लागतं का हे दुसऱ्याला?" तिने विचारलं.

"छे! नागीण दुसऱ्याला लागत नाही," मी म्हणाले, आणि उरलेलं अर्धं वाक्य गिळलं.

खरं सांगते, फ्लोराने मला दहा वेळा तरी सांगितलं होतं, की तिच्या पाचही भावंडांना एकदम कांजिण्या झाल्या तेव्हा ती आजोळी होती, म्हणून एकटी वाचली. दर वेळी मी "हो का!" म्हणायचे आणि माझी गोष्ट सांगायची पाळी कधी येते याची वाट बघायचे. ती आजोळची गोष्ट त्या दुपारी माझ्या डोक्याच्या दारापर्यंत आली होती, बेलही वाजवली होती. मी दार उघडलं नाही. कारण उघडलं असतं तर लोशन कोण लावणार होतं? उलथणं?

"दे इकडे," फ्लोरा म्हणाली आणि बाह्या वर सारल्या.

कोणीतरी पाठीला हात लावून वर्ष झालं होतं. तिचा हात गार होता, शिवणाऱ्या बाईचा, नेमका. मी डोळे मिटून बसले आणि नागिणीचे मनातल्या मनात आभार मानले.

तेव्हापासून ती दिवसातून दोनदा यायला लागली. सकाळी अकराला, संध्याकाळी पाचला. लोशन पाच मिनिटांचं, गप्पा तासाभराच्या. ती सामान बांधत होती. कुठल्या बॅगेत काय याची चर्चा माझ्या पाठीमागे चालायची.

"विळी नेऊ का गं?"

"तिकडे नारळ मिळतात का?"

"नारळ नसले तरी विळी हवी. खोबरं कशावर खवू?"

"अगं, पण नारळच नसेल तर..."

"तू पाठ सरळ ठेव."

इकडे हिराबायचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नागीण अंगाच्या एकाच बाजूला राहते, मधली रेघ ओलांडत नाही. (आमच्या सोसायटीतल्या गाड्यांपेक्षा शिस्तीची!) पण डॉक्टरांनी पुस्तकं वाचली होती, हिराबायने प्रत्यक्ष सासरा गेलेला बघितला होता. म्हणून खात्री असलेली बरी, असं म्हणून मी फ्लोराकडून शिवणाची टेप मागून आणली. कशाला हवी ते सांगितलं नाही. तिचं एक टोक कपाटाच्या दारात अडकवलं, दुसरं हातात धरून स्वतःभोवती गिरकी घेतली, आणि नागिणीच्या दोन तोंडांमधलं अंतर मोजलं. एकसष्ट. भरपूर होतं. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गिरकी घेतली. चोवीस!

मी पुन्हा मोजलं. चोवीस. एका रात्रीत नागीण सदतीस घरं पुढे सरकली होती! या वेगाने दुपारच्या जेवणापर्यंत दोन्ही तोंडं मिळणार. मी मुलाला फोन लावला.

"आई, मीटिंगमध्ये आहे. अर्जंट आहे का?"

"तसं नाही. मी निघायच्या तयारीत आहे, एवढंच."

"कुठे निघालीस?"

"ते तुला नंतर कळवतील."

"बरं, पोचल्यावर मेसेज कर," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मग मी तयारीला लागले. गाउनमध्ये मरायचं नव्हतं, म्हणून मोरपिशी पैठणी नेसले. केस विंचरले. दाराची कडी काढून ठेवली, म्हणजे लोकांना तोडायला नको. मग आठवलं, शेवटी तोंडात तुळशीपत्र ठेवायला माणूस लागतं. माणूस नव्हतं. गॅलरीतल्या कुंडीतून पान तोडलं, माझ्या तोंडात मीच ठेवलं आणि पलंगावर सरळ आडवी झाले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. पान चुकून चावलं गेलं. उठून दुसरं आणलं. तिसऱ्या पानापर्यंत पोचले होते तेव्हा अकरा वाजले आणि फ्लोरा लोशनची बाटली घेऊन आत आली.

"अगो बाई! लग्न कुणाचं आहे?"

"फ्लोरा, बस. काल एकसष्ट होतं, आज चोवीस राहिलं."

"काय चोवीस?"

मी टेप दाखवली. तिने ती घेतली, डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, सुलटी केली. चाळीस वर्षं शाळेतल्या मुलींना जो आवाज लावला असेल तो लावून म्हणाली, "कुसुम, काल कुठल्या बाजूने मोजलंस?"

"टेपला बाजू असते?"

"एका बाजूला इंच, एका बाजूला सेंटीमीटर! चोवीस इंच म्हणजे एकसष्ट सेंटीमीटर. तुझी नागीण आहे तिथेच बसलीय. तू मात्र पार गेलीस! आणि तोंडात काय आहे तुझ्या?"

"काही नाही," मी म्हणाले आणि तिसरं पान गिळलं. त्या पंधरवड्यात मी बरंच काही गिळलं.

ती इतकी हसली, की तिला खाली फरशीवर बसावं लागलं. मग मी पण हसले. पैठणी तशीच नेसून आम्ही चहा प्यायलो. त्या दिवसाइतकं मला ह्यांच्यामागे कधीच बरं वाटलं नव्हतं.

हळूहळू खपल्या धरल्या. लोशनची गरज संपली. पण मी अजून दोन दिवस "आग होतेय गं" चालू ठेवलं. (कोवळं वय!)

फ्लोराच्या प्रवासाला चार दिवस उरले होते आणि ती सकाळी अकराला आली नाही. साडेअकरालाही नाही. मी जाऊन बेल वाजवली. तिने दार फटीएवढं उघडलं. कपाळावर तीन फोड, गालावर दोन, आणि डोळे तापाने लाल.

"कुसुम, मला बघ काय झालंय. डास चावले का गं?"

ते डास नव्हते. पंचावन्न वर्षं विसरलेला चेहरा मी क्षणात ओळखला. माझ्या पेशींनी तर माझ्या आधी ओळखला असणार. त्या सलामीला उभ्या राहिल्या असतील.

डॉक्टर घरी येऊन बघून गेले. कांजिण्या! सगळे फोड सुकून खपल्या धरेपर्यंत विमानात घेणार नाहीत, तिकीट पुढे ढकला. फ्लोराच्या मुलाला व्हिडिओवर तिने तोंड दाखवलं तर पलीकडून तो ओरडला, "मम्मी, साठीत कांजिण्या? कुठून आणल्यास?" फ्लोरा म्हणाली, "कोण जाणे! इथे मी घराबाहेरसुद्धा पडत नाही. फक्त कुसुमकडे जाते." मी त्या वेळी तिच्या खिडकीचा पडदा फार लक्ष देऊन सारखा करत होते.

आणि मला काय झालं ते सांगते, कारण लिहायलाच बसलेय तर खरं लिहावं. तिकीट पुढे ढकला, हे ऐकल्यावर माझ्या छातीत आनंद झाला. चांगला ठसठशीत. मी तो दाबला, तर तो दुसरीकडून वर आला, अगदी नागिणीसारखा.

सोसायटीत बातमी पसरली. सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये सूचना चिकटवली. दूधवाला पिशव्या दुसऱ्या मजल्यावरच ठेवून पळू लागला. हिराबाय दारापर्यंत आली, आत आली नाही. तिच्या सुनेला सातवा महिना होता, त्यामुळे मीच तिला घालवली. जाताना ती फ्लोराच्या दाराच्या कडीला कडुलिंबाचा डहाळा अडकवून गेली आणि जिन्यातून ओरडली, "बाय, फोडनी देव नको हां! देवी हाय!" फ्लोराच्या चौकटीवर तिचा मेझुझा, त्यांच्या प्रार्थनेची डबी, आणि तिच्याखाली हिराबायचा पाला. आता कांजिण्यांना आत शिरायला जागाच नव्हती. फक्त त्या आधीच आत होत्या!

अख्ख्या इमारतीत तिच्याजवळ बेधडक जाऊ शकेल अशी बाई एकच. मी. मला होऊन गेल्या होत्या. माझा पहारा नुकताच जागा होऊन, अंग मोडून, तयार बसला होता. मी माझी उशी आणि ब्रश घेऊन तिच्याकडे राहायला गेले.

सुरुवातीचे तीन दिवस मी, देवा शपथ, सुखात होते. सकाळी मऊ भात, दुपारी पत्ते, संध्याकाळी तिच्या पाठीवर लोशन. ती खाजवायला गेली की मी हातावर चापट मारायचे.

"कुसुम, एकदाच. फक्त कोपर."

"नाही."

"तू नवऱ्यालाही असंच छळलंस का?"

"त्यांना कुठे कांजिण्या होत्या! तुझं नशीब थोर."

चौथ्या दिवशी तिला खोकला सुरू झाला. साधा वाटला नाही. बोलताना ती मध्येच थांबायची आणि श्वास गोळा करायची. लहान मुलांना कांजिण्या हसत जातात, मोठ्यांच्या कधी कधी छातीत उतरतात, हे मला डॉक्टरांनी फोनवर सांगितलं आणि या वेळी मी त्यांचं वाक्य पूर्ण ऐकलं. भरदुपारी ते आले. आत तिची छाती तपासत होते, आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते. समोर तिच्या बांधून ठेवलेल्या बॅगा. सगळ्यात वर वर्तमानपत्रात गुंडाळलेली विळी. मला त्या विळीकडे बघवेना. माझी पाठ तिच्या हाताला लागावी म्हणून मी या बाईचा श्वास पणाला लावला होता! मला तिचा देव कोणता ते धड माहीत नव्हतं आणि माझ्या देवाला तोंड दाखवायची सोय नव्हती, म्हणून मी दोघांनाही म्हटलं, हिला बरी करा आणि विमानात बसवा. मी एकटी राहीन. कुरकुर करणार नाही. (थोडी करीन.)

डॉक्टर बाहेर आले. "छाती स्वच्छ आहे. घशातला खोकला आहे. घाबरू नका. काकू, तुम्ही रडताय?"

"कांदा चिरत होते."

"कांदा कुठे आहे?"

"संपला," मी म्हटलं.

आठवड्याभरात फोड सुकले. खपल्या पडल्या. नवीन तिकीट आलं. निघायच्या आदल्या दिवशी फ्लोराने मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर पाच प्रकारची फळं. आजारातून उठलं की किंवा प्रवासाला निघताना त्यांच्यात एलियाहू नबीचं नाव घेऊन करतात. तिला दोन्ही कारणं एकदम मिळाली होती. गुंडाळलेली विळी सोडवून खोबरं मी खवलं. तिच्या समाजातली तीन-चार माणसं आली, प्रार्थना झाली, मला सगळ्यांच्या आधी द्रोण भरून मिळाला. "हिने माझी सेवा केली," फ्लोराने सगळ्यांना सांगितलं. तो मलिदा माझ्या घशाखाली फार हळू उतरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सी आली. बॅगा चढल्या. फ्लोरा मागे बसली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. इतके दिवस एका छपराखाली असताना जे सांगायचं धाडस झालं नाही, ते मला चालू इंजिनापाशी सुचलं. मी खिडकीवर टकटक केली.

"फ्लोरा, एक सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी तेव्हा अजून अर्धं वाक्य सांगितलं होतं. ज्यांना कांजिण्या झाल्या नाहीत त्यांनी फोडांना हात लावू नये, असं."

तिने मांडीवरची पर्स बाजूला ठेवली.

"आणि तू मला सांगितलं होतंस, की तुला झाल्या नव्हत्या. मला आठवत होतं. जरासं."

तिने काच आणखी थोडी खाली केली.

"आणि तुझं तिकीट पुढे ढकललं तेव्हा मला... थोडं बरं वाटलं."

"किती थोडं?"

"पुष्कळ."

ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, "निघू का?" फ्लोराने त्याला हाताने थांबवलं, काच पूर्ण खाली केली, माझा कान धरला, चांगला पिळला आणि म्हणाली, "अगं मूर्ख बाई, नुसतं तोंडाने 'जाऊ नको' म्हणाली असतीस तर मी सहा महिने राहिले असते, आणि तेही न खाजवता!"